तसबिरींतील थोर चित्रें

मध्यम स्थितींतील सुशिक्षित कुटुंबानें नवें घर घेतलें, भिंतींना रंग दिला, बैठक मांडली, कीं दिवाणखान्यांत एक रिकामी भिंत उरते. आणि तिच्यावर कांहीं तरी ‘चांगलें’ लावावें असें घरांतील सर्वांनाच वाटूं लागतें. पूर्वीं या भिंतीचा प्रश्न आपोआप सुटत असे. देवादिकांच्या तसबिरी, वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें आणि एकादें कॅलेंडर तेथें येऊन बसे. आतां त्या जागीं लिओनार्दो, व्हर्मीर, व्हान गॉख किंवा राजा रविवर्मा यांचें एकादें गाजलेलें चित्र चौकटींत मढवून लावण्याची चाल पडली आहे. आणि अशीं चित्रें छापून, मढवून, घरपोंच आणून देण्याचा धंदाही बरकतीस आला आहे. या धंद्याच्या जाहिरातींत एक शब्दप्रयोग हटकून आढळतो, तो म्हणजे ‘संग्रहालयाच्या दर्जाची प्रत’. या शब्दांनीं गिऱ्हाइकास नेमकें काय देऊं केलेलें असतें, आणि घेणारानें काय पारखून घ्यावें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. मूळ चित्रांवर टीकाकार पुष्कळ लिहितात. परंतु आपल्यापैकीं बहुतेकांचा जन्मभर संबंध येतो तो प्रतींशीं. तेव्हां प्रतींचीही परीक्षा व्हावयास नको काय?

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावणें इष्ट होईल. कांहीं रसिकांच्या मतें प्रत ही वस्तुच मुळीं हलकी. पाहावें तर मूळ पाहावें, नाहीं तर भिंत मोकळी ठेवावी. हें मत ऐकावयास भारदस्त वाटतें, पण तें इतिहासाला धरून नाहीं. आपल्या अजिंठ्याचेंच उदाहरण घ्या. मेजर रॉबर्ट गिल यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वर्षानुवर्षें खपून तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगांत मोठमोठ्या प्रती केल्या. त्यांपैकीं बहुतेक लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ सालीं लागलेल्या आगींत जळाल्या. पुढें मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळांत तेंच काम नव्यानें केलें. त्यांच्याही अनेक प्रतींचा १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथील आगींत नाश झाला. इतकें होऊनही ज्या प्रती वांचल्या, व ग्रिफिथ्स यांनीं आपल्या ग्रंथांत जीं चित्रें छापलीं, त्यांवरून लेण्यांच्या भिंतींवरून पुढें झडून गेलेल्या भागांची कल्पना अभ्यासकांना आजही करतां येते. मूळ झिजत गेलें आणि प्रत साक्ष देण्यास उरली. याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून नकला करणारांनीं मूळ चित्रांवर रोगण चढविलें. तें काळानें पिवळें पडलें आणि मुळाचें रूप त्यानें झांकोळलें. तात्पर्य, प्रत मुळावर उपकार करूं शकते आणि अपकारही करूं शकते.

हॉलंडमधील एक हकीकत याहून बोलकी आहे. रेम्ब्रांटनें १६४२ सालीं पूर्ण केलेलें ‘रात्रीचा पहारा’ हें प्रचंड चित्र १७१५ सालीं ॲम्स्टरडॅमच्या नगरगृहांत हलविण्यांत आलें. तेथील नियोजित जागेंत तें मावेना, म्हणून त्याच्या चारी बाजू कापण्यांत आल्या. भिंत चित्राएवढी नव्हती, म्हणून चित्र भिंतीएवढें केलें! कापलेले तुकडे आजतागाईत सांपडलेले नाहींत. परंतु चित्र कापलें जाण्यापूर्वीं, सतराव्या शतकांतच, त्याची एक लहानशी प्रत झालेली होती. ती गेरिट लुंडेन्स या चित्रकाराची मानली जाते. २०२१ सालीं ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयानें या लहान प्रतीच्या आधारें, संगणकाच्या साहाय्यानें, गमावलेले भाग पुन्हां तयार करून कांहीं काळ मूळ चित्राच्या कडांस लावून दाखविले. ज्या चित्रासाठीं जगांतून लोक येतात, त्याची मूळ मांडणी कशी होती हें सांगण्याचा मान शेवटीं एका नकलेकडे गेला. तेव्हां प्रतीस प्रत म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. नाक मुरडावयाचें तें अप्रामाणिक प्रतीस. आमच्या मतें प्रामाणिक प्रतीचीं लक्षणें तीन: ती चित्रकाराचें नांव खरें सांगते, चित्राच्या आकाराशीं इमान राखते, आणि रंग मुळाच्या शक्य तितका जवळ ठेवते.

नांवापासून आरंभ करूं. आपल्याकडे छापील चित्र घरोघर नेण्याचें श्रेय निर्विवादपणें राजा रविवर्मा यांचें. त्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापाचा कारखाना काढला. जर्मन कारागीर आणविले. पुढें हा कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थाच्या मालकीचा झाला. रंगागणिक निराळा दगड, प्रत्येक दगडाचा ठसा त्याच कागदावर अचूक त्याच जागीं, आणि शेवटीं तैलचित्राचा भास व्हावा म्हणून चकाकी, अशी ही मेहनतीची विद्या होती. या कारखान्याची लक्ष्मी आणि सरस्वती ज्या घरांत गेल्या त्या घरांनीं त्यांना ‘प्रत’ म्हणून घेतलेंच नाहीं. त्यांना हार घातले, उदबत्ती ओंवाळली, कित्येकांनीं त्यांवर जरीचीं वस्त्रें व टिकल्या चिकटविल्या. भक्ताला मूळ तैलचित्र कोठें आहे याच्याशीं कर्तव्य नव्हतें. त्याला देवता हवी होती, आणि ती त्याला मिळाली. येथें फसवणूक कोणाचीच झाली नाहीं.

आजचा खरेदीदार मात्र देवता मागत नसून ‘रविवर्म्याचें चित्र’ मागतो. मागणें पालटलें कीं देण्याची कसोटीही पालटते. कारखान्याच्या छापांत आणि रविवर्म्यांच्या हातच्या तैलचित्रांत रेषेचा, रंगाचा व चेहऱ्यावरील भावाचा पुष्कळ फरक असतो. दगडावर चित्र उतरविणारा हात निराळा, आणि कारखाना हातचा गेल्यानंतर रविवर्म्यांची त्यावर देखरेखही उरली नव्हती. असें असतां शिळाछापाची पुन्हां छापलेली प्रत तैलचित्राची प्रत म्हणून विकली जाते, आणि घेणारा नकलेची नक्कल घेऊन घरीं येतो. शिळाछाप वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. जुने छाप आज स्वतःच संग्राह्य वस्तु होऊन बसले आहेत. परंतु जें आहे तें त्याच नांवानें विकलें जावें, इतकाच आमचा आग्रह आहे.

नांवाच्या घोटाळ्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें प्रसिद्ध चित्र. समईचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे, आणि ज्योतीआड धरलेल्या बोटांच्या कडा त्या उजेडानें लालसर झाल्या आहेत. हें चित्र रविवर्म्यांचें म्हणून सर्रास सांगितलें जातें. वास्तविक तें सावंतवाडीस जन्मलेले व मुंबईंत नांवारूपास आलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें, १९४५-४६ च्या सुमाराचें. तें म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांतील संग्रहांत आहे. रविवर्मे १९०६ सालींच निवर्तले होते, म्हणजे चित्र रंगविलें जाण्यापूर्वीं सुमारें चाळीस वर्षें. मराठी घराच्या भिंतीवर मराठी चित्रकाराची उत्तम कृति परक्या नांवानें नांदावी, आणि घरच्या माणसांस त्याचा पत्ताही नसावा, याहून मोठें दुर्दैव तें कोणतें! चित्रकाराची कमाई ती काय? पैसा तर कधींच सरतो. उरतें तें नांव. तेंही प्रत छापणाराच्या निष्काळजीपणानें हिरावलें गेलें तर त्या प्रतीस कितीही उंची कागद वापरला तरी ती प्रत खोटीच.

आतां आकार. व्हर्मीरची ‘दूध ओतणारी दासी’ हें चित्र मुळांत अवघें ४५.५ सेंटिमीटर उंच व ४१ सेंटिमीटर रुंद आहे. लिओनार्दोची ‘मोना लिसा’ ७७ सेंटिमीटर उंच व ५३ रुंद. व्हान गॉखची १८८९ सालची ‘तारकांची रात्र’ सुमारें ७४ सेंटिमीटर उंच व ९२ रुंद. हीं सर्व चित्रें आपल्या मध्यम बैठकींत मूळ आकारानें सहज मावतात. उलट ‘रात्रीचा पहारा’ कापला गेल्यानंतरही साडेतीन मीटरांहून उंच व चार मीटरांहून रुंद आहे. त्यांतील माणसें जवळजवळ पुरुषभर उंचीचीं आहेत. विक्रेत्याच्या यादींत मात्र हीं सर्व चित्रें एकाच तीन-चार ठराविक मापांत मिळतात: लहान, मध्यम, मोठें. म्हणजे ज्या व्हर्मीरनें हातभर फळीएवढ्या जागेंत सारी शांतता सांठविली, त्याला ताणून दारएवढा केला. आणि ज्या रेम्ब्रांटनें पाहणाराच्या अंगावर चालून येणारी पलटण रंगविली, त्याला आकसून ताटाएवढा केला. मापाचें प्रमाण जुळेना तर कडा छाटल्या. १७१५ सालीं नगरगृहांत जें झालें तेंच आज रोज घडतें. फरक इतकाच कीं आतां त्याला सुरी लागत नाहीं. आमचा सल्ला असा कीं, जें चित्र आपल्या भिंतीवर मूळ मापानें अथवा मापाच्या निकट राहूं शकेल तेंच निवडावें, आणि अवाढव्य चित्रांची हौस पुस्तकांत पुरवून घ्यावी. पुस्तकांतील चित्र आपण चित्राची नोंद आहों असें प्रांजळपणें सांगतें. भिंतीवरचें चित्र मात्र आपणच चित्र आहों असा आव आणतें.

तिसरें लक्षण रंगाचें. आणि येथें व्हर्मीरच्या त्याच दासीची कथा उद्‌बोधक आहे. या चित्रांत मागची भिंत पांढरी आहे, दासीची चोळी पिवळी आणि आंगावरचें फडकें गर्द निळें आहे. पांढऱ्या भिंतीवर खिडकींतून आलेला उजेड हाच या चित्राचा प्राण. परंतु या चित्राच्या पिवळट पडलेल्या वाईट छबी जगभर इतक्या पसरल्या कीं, राइक्स संग्रहालयाच्या स्वतःच्या दुकानांतील खऱ्या रंगाचीं पोस्टकार्डें मुळाबरहुकूम आहेत यावर लोकांचा विश्वास बसेना. पिवळी दासी खरी आणि पांढऱ्या भिंतीपुढची खोटी असा उलटा न्याय झाला. या अनुभवानंतर संग्रहालयानें आपल्या चित्रांच्या उत्कृष्ट छबी सर्वांस मोकळ्या करून दिल्या, आणि २०१२ सालापासून त्या कोणासही विनामूल्य उतरवून घेतां येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेंही २०१७ सालीं आपल्या संग्रहांतील हक्कमुक्त कृतींसाठीं तोच मार्ग धरिला. याचा अर्थ खरेदीदाराच्या दृष्टीनें फार मोठा आहे. विक्रेत्याची प्रत हातीं येण्यापूर्वीं संग्रहालयाच्या स्वतःच्या छबीशीं ती ताडून पाहण्याची सोय आज घरबसल्या आहे. इतकेंच नव्हे, तर ती छबी घेऊन आपल्या गांवच्या चांगल्या छापणाराकडून प्रत करून घेण्याचीही सोय आहे. आपले आजोबा जें करूं शकत नव्हते तें आपल्यास साध्य असतां आपण तें करूं नये, हा आळस म्हटला पाहिजे.

मग ‘संग्रहालयाच्या दर्जाचें’ या शब्दांत राहिलें काय? जें राहिलें तें अगदींच क्षुल्लक नाहीं, पण तें चित्राविषयीं नसून सामानाविषयीं आहे. चांगला छापणारा सूक्ष्म रंगकणांची शाई वापरतो. ती पाण्यांत विरघळणाऱ्या रंगाच्या शाईपेक्षां उजेडांत पुष्कळ अधिक टिकते. कागद लाकडाच्या लगद्याऐवजीं कापसाचा व अम्लरहित असतो, म्हणून तो लवकर पिवळा पडत नाहीं. चित्राभोंवतालचा पुठ्ठा आणि पाठीमागचा फळकाही अम्लरहित असतो. कांच अतिनील किरण अडविणारी असते. हीं सर्व लक्षणें उत्तम, आणि त्यांसाठीं दोन पैसे अधिक पडले तर जरूर द्यावे. पण हा शब्दप्रयोग वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं, आणि केवळ या शब्दांवरून कोणत्याही संग्रहालयानें ती तसबीर पारखली आहे असें ठरत नाहीं. उत्तम कागदावर टिकाऊ शाईनें छापलेली पिवळी दासी शंभर वर्षें पिवळीच राहील! टिकाऊपणा हा गुण खरा. परंतु टिकावयाचें काय याचा निर्णय आधीं व्हावयास पाहिजे.

सामानाच्या बाबतींत आणखी एक खोड आम्हांस विशेष खटकते. ती म्हणजे कॅनव्हासवर छापून, वर पारदर्शक लेप फांसून, कुंचल्याचे खोटे फटकारे उठविण्याची. ‘मोना लिसा’ ही पॉप्लर लाकडाच्या फळीवर रंगविलेली आहे; तिच्या प्रतीवर कापडाची वीण दिसावी, हें म्हणजे पैठणीच्या चित्रावर गोणपाटाची छाया पाडण्यासारखें आहे. हळदणकरांची दीपधारिणी हें जलरंगांतील चित्र. जलरंगांत उजेड येतो तो कागदाच्या पांढरेपणांतून. त्या चित्राची प्रत कापडावर काढून वर तेलाचा तकाकीदार भास आणला, कीं चित्रकारानें साधलेली सर्वांत कठीण गोष्टच पुसली जाते. व्हान गॉखचा रंग खरोखरच जाड व उंचसखल आहे. परंतु कारागिरानें रोळीनें फिरविलेले लेपाचे फटकारे त्याच्या फटकाऱ्यांच्या दिशेनें जात नाहींत. याहून साध्या, सपाट कागदावरची, भोंवतीं समास सोडलेली, कांचेखालची प्रत शतपटीनें बरी. ती पाहणारास प्रथमदर्शनींच सांगते, ‘मी प्रत आहें, मूळ अमुक ठिकाणीं आहे.’ या कबुलींतच तिची प्रतिष्ठा आहे.

चौकटीविषयींही दोन शब्द. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत भिंत ओल धरते, आणि तसबीर भिंतीस चिकटून असली तर पाठीकडून बुरशी शिरते. म्हणून चौकटीच्या खालच्या कोंपऱ्यांस मागून लहान बुचें लावून हवा खेळती ठेवावी. कांच आणि कागद यांमध्यें पुठ्ठ्याचें अंतर राखावें, नाहीं तर दमटपणानें कागद कांचेस चिकटतो. आणि ज्या भिंतीवर दुपारचें ऊन येतें ती सोडून द्यावी. सोनेरी नक्षीची भली थोरली चौकट घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. चौकटीचें काम चित्राला भिंतीपासून वेगळें काढण्याचें. घराच्या ऐपतीची दवंडी पिटण्याचें नव्हे.

या सर्वांवर कोणी म्हणेल, ‘आम्ही कांहीं कलेचे परीक्षक नव्हेत, डोळ्यांस बरें दिसतें म्हणून लावतों, त्यांत एवढा खल कशाला?’ या प्रश्नास आमचें उत्तर असें. भिंतीवरील चित्र मोठीं माणसें आठ दिवस पाहतात आणि मग विसरतात. परंतु घरांतील मूल तें वर्षानुवर्षें, नकळत पाहत असतें. जेवतांना, आजारांत अंथरुणावर पडून, अभ्यासाचा कंटाळा आला असतां, त्याचा डोळा त्याच चौकटीकडे वळतो. पुढें जन्मभर ‘चित्र’ म्हटलें कीं काय असतें, रंग कसा असतो, उजेड कसा पडतो, याचें त्याच्या मनांतील पहिलें माप तेथेंच ठरतें. त्याला लहानपणीं पिवळी दासी दिली तर मोठेपणीं ॲम्स्टरडॅमला गेल्यावरही पांढरी भिंत त्याला खोटी वाटावयाची. संग्रहालयाच्या दुकानांत जें घडलें तें शेंकडों घरांनीं आधीं घडवून आणलेलें होतें. अप्रामाणिक प्रत केवळ वाईट दिसत नाहीं. ती खरें ओळखण्याची शक्तिच बोथट करते. आणि प्रामाणिक प्रत उलट काम करते: ती मुळाची भूक लावते. तिच्या खालीं चित्रकाराचें नांव, साल, मूळ माप आणि मूळ चित्राचें ठिकाण चार ओळींत लिहिलेलें असलें, तर त्या घरांतलें मूल कधीं तरी विचारील, ‘हें खरें कोठें आहे? तें पाहावयास जाऊं या.’

तें जाणें दरवेळीं परदेशींच व्हावें असेंही नाहीं. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत टाटा कुटुंबाच्या संग्रहांतील युरोपीय चित्रें आहेत. सातारा जिल्ह्यांत औंधास भवानी संग्रहालय आहे. बडोदें आणि म्हैसूर येथें रविवर्मे मुळांत पाहावयास मिळतात. ज्या रकमेंत सोनेरी चौकटीचा अवाढव्य कॅनव्हास येतो, त्या रकमेंत एक साधी कागदी प्रत आणि कुटुंबासह औंधची एक फेरी कित्येकदां सहज बसते. आणखी एक मार्ग आहे, ज्याकडे आपला वर्ग विनाकारण बिचकून पाहतो. तो म्हणजे हयात चित्रकाराचें छोटें चित्र अथवा लांकडी ठशावरून वा धातूच्या पत्र्यावरून चित्रकारानें स्वतः काढलेला छाप विकत घेणें. असा छाप ही प्रत नसते; तोच मूळ असतो. कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत असें काम आपल्या खिशाला परवडेल अशा किमतीस मिळूं शकतें. थोरांच्या प्रतींस आमचा विरोध नाहीं. परंतु घरांतील सर्वच भिंती परदेशस्थ दिवंगतांना देऊन आपल्या गांवच्या होतकरू चित्रकारास उंबरठ्याबाहेर उभें ठेवणें न्यायाचें होणार नाहीं.

एकंदरींत पाहतां घरांत थोर चित्राची प्रत असावी, असेंच आमचें मत आहे. फक्त ती घेतांना कागदाच्या जाडीपूर्वीं नांव विचारावें, चौकटीच्या नक्षीपूर्वीं माप विचारावें, आणि भिंतीच्या रंगाशीं चित्र जुळवून पाहण्यापूर्वीं चित्राचा रंग मुळाशीं जुळवून पाहावा. हे तीन प्रश्न विचारणारीं गिऱ्हाइकें वाढलीं तर विक्रेतेही सुधारतील. कारण बाजार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांहून चांगला कधींच नसतो. संग्रहालयाचा दर्जा छापखान्यांतून विकत आणतां येत नाहीं. तो घेणाराच्या पारखींत असावा लागतो, आणि ती पारख ज्या घरांत आहे तेथें हातभर कागदाची साधी तसबीरही भिंतीला शोभा आणील.